टेट्रामाइन हे उंदराचं विष मेंदूतल्या रिसेप्टरवर नेमकं काय करतं?

ते गाबा-ए रिसेप्टर (चेतापेशीवरचा, रासायनिक संदेश टिपणारा भाग) निकामी करतं. गाबा हे मेंदूला आवर घालणारं मुख्य रसायन. ते या रिसेप्टरला चिकटलं की क्लोराइड आयन (विद्युतभार असलेले कण) पेशीच्या आत शिरतात आणि चेतापेशी शांत होते. टेट्रामाइन क्लोराइडची ही वाटच अडवतं. गाबा जागेवर असतं, पण उपयोग शून्य. मग पेशी बेलगाम संदेश सोडतात आणि झटके येतात. औषधशास्त्रात शिकवलं जाणारं पिक्रोटॉक्सिन हे विषही असंच वागतं. टेट्रामाइनवर खात्रीचा उतारा नाही (चीनमध्येही त्यावर बंदी आहे). मात्र हे सरसकट सगळ्या उंदीरनाशकांना लावू नका: ब्रोमाडिओलोनसारखी आजची बरीचशी विषं रक्त गोठू देत नाहीत, त्यांचं काम या रिसेप्टरवर चालत नाही.