सोडताना काय होईल, ते आधी बघ

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पगाराचं काम बाहेर द्यायचं ठरलंय, तीन कोटेशनं आलीत आणि साहेबांचा डोळा सगळ्यात स्वस्तावर आहे. बाहेर द्यायला माझी हरकत नाही. पण तुझ्या पत्रात दर आहेत, तारखा आहेत. उद्या हे काम परत घ्यायची वेळ आली तर कसं घेणार, याबद्दल अवाक्षर नाही.

मीही असंच केलं होतं. पेरोल बाहेर दिलं. पहिली दोन वर्षं झकास गेली. तिसऱ्या वर्षी चुका सुरू झाल्या. कुणाची रजा दोनदा कापली, कुणाचा ओव्हरटाइमच गायब. खोदून विचारलं तेव्हा कळलं, आमचं सगळं काम तिथे एकच बाई बघायच्या आणि त्या नोकरी सोडून गेल्या होत्या. रात्रपाळीनंतरची सुट्टी कशी धरायची, महिन्याच्या मध्यात रुजू झालेल्याचे दिवस कसे मोजायचे, सगळं त्यांच्या डोक्यात. आमच्याकडचा जाणकार माणूस तर आम्हीच दुसऱ्या खात्यात हलवला होता. काम बाहेर गेलं, आता याचं इथे काय, म्हणून.

शेवटी करार मोडला. त्यात 'सर्व डेटा ग्राहकाच्या मालकीचा' असं ठळक छापलेलं होतं. तसा तो आलाही: छत्तीस महिन्यांच्या पगारस्लिपा, पीडीएफमध्ये. आकडे सगळे होते, ते आले कसे हे कुठेच नव्हतं. दोघं जण पंधरा दिवस एक्सेलमध्ये उतरवत बसले. मालकी आमचीच होती म्हणा!

तेव्हा 'डेटा परत देऊ' एवढ्यावर सही करू नकोस. कोणत्या फॉरमॅटमध्ये, किती दिवसांत, हे लिहून घे. दर तीन महिन्यांनी पूर्ण डेटा मागव आणि फाइल स्वतः उघडून बघ. पगाराचे नियम लेखी हवेत, नियम बदलला की प्रत आपल्याकडे यायला हवी. आणि ऑफिसात एक माणूस असा ठेव, जो दर महिन्याला पाच-सहा जणांचा पगार हाताने काढून ताडून बघेल. साहेब म्हणतील, मग बाहेर कशाला दिलं? त्या माणसाचा वेळ स्वस्त कोटेशनमध्ये मिळवून बेरीज पुन्हा दाखव.

एसएलएमध्ये, म्हणजे सेवा कशी मिळेल हे ठरवणाऱ्या करारात, '99.5 टक्के उपलब्धता' असं असेल. तीस दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ त्यांच्या यंत्रणेला 3 तास 36 मिनिटं बंद पडायची मुभा. एरवी काही बिघडत नाही, पण ते साडेतीन तास पगाराच्या दिवशी आले तर? त्या दिवसाची अट वेगळी लिही. दंड बहुधा बिलातल्या सवलतीपुरता असतो, त्याच्या भरवशावर राहू नकोस.

लॉगिनचं थोडक्यात सांगतो. 2013 साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले ते एअर कंडिशनिंग आणि रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या चोरलेल्या पासवर्डने. पगाराच्या फायलींत तर बँक खाती असतात. प्रत्येकाला वेगळं लॉगिन, त्यांच्याकडचा माणूस गेला की त्याच दिवशी बंद. आणि आपलं काम ते पुढे तिसऱ्याला देणार असतील तर आधी आपली लेखी परवानगी.

एका तारखेला जुनं बंद, नवं सुरू, असं मात्र करू नकोस. फेब्रुवारी 2018 मध्ये ब्रिटनमधल्या केएफसीने मालपुरवठ्याचं काम जुन्या वितरकाकडून डीएचएलकडे दिलं आणि काही दिवसांत शेकडो दुकानं चिकन नाही म्हणून बंद ठेवावी लागली. पुढच्याच महिन्यात काही भागाचं काम जुन्याकडे परत गेलं. तू निदान दोन महिन्यांचे पगार दोन्हीकडे काढ. फरक येतीलच, पहिल्या महिन्यात एकही आला नाही, तर कुणीतरी नीट ताडलेलं नाही असं समज.

कराराचा मसुदा पाठव. दराचं पान नसलं तरी चालेल, करार संपवण्याचं कलम मात्र पुरतं हवं.

कळावे,
तुझा जुना साहेब