रेशन आहे, मग अडतं कुठे?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पावसाळ्यात मुरबाडकडच्या एक मावशी शेवळं, कर्टुली, टाकळा घेऊन बसतात. परवा घरी जाताना त्यांनी वाण्याकडून पाच किलो तांदूळ घेतला. "घरी भात पिकत नाही का?" विचारलं, तर म्हणाल्या, "पिकतो, पण शिमग्याला सरतो." त्यांना रेशनही मिळतं. मग अडतं कुठे? आणि अन्नसुरक्षा असताना 'अन्न सार्वभौमत्व' हा वेगळा शब्द कशाला?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : मावशी बोलल्या ते खरं आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मी बावीस वर्षं बचत गटांचं काम करते आहे, आणि 'शिमग्याला सरतो' हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलं आहे. एक-दीड एकराचं खाचर, पाणी फक्त पावसाचं. झोडणी झाली की आधी देणं फिटतं : आषाढात खाण्यासाठी कर्जाऊ काढलेली खावटी, बियाण्या-खताची उधारी. उरेल ते घरात. दिवाळी झाली की बिऱ्हाड वीटभट्टीवर. भट्टीचा बयाणा पावसाळ्यातच उचललेला असतो, म्हणजे विटा थापण्याआधीच मजुरी खाऊन झालेली. त्याच शहापूर तालुक्यातून भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि तिथल्याच पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकरची वाट बघतात. हे मी कितीदा पाहिलं तरी मला त्याची सवय होत नाही.

रेशन हवंच. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अतिगरीब, म्हणजे अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो धान्याचा हक्क दिला. २०२३पासून ते मोफत आहे. त्यावर कितीतरी चुली पेटतात. पण रेशनमध्ये काय येणार, हे मावशी ठरवत नाहीत. नाचणी-वरईवर वाढलेल्या घरात आता बहुतेक गहू-तांदूळच येतो, आणि वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवरची नाचणी मागे पडते.

'सार्वभौमत्व' हा शब्द इथेच लागतो. 'व्हिया कांपेसिना' या शेतकऱ्यांच्या जागतिक संघटनेने तो १९९६ साली रोमच्या अन्न परिषदेच्या वेळी मांडला. पोटाला मिळतं का, एवढंच त्यांना विचारायचं नव्हतं. काय पेरायचं, बी कुणाचं, भाव कोण ठरवणार, हेही विचारायचं होतं. हैतीचं उदाहरण बघा. १९९५मध्ये तिथे तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं गेलं. अमेरिकेचा अनुदानित तांदूळ स्वस्तात आला आणि स्थानिक भातशेतकरी देशोधडीला लागला. त्या धोरणाबद्दल, त्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी २०१०मध्ये जाहीर माफी मागितली. बाजारात तांदूळ होता, पिकवणारा मात्र त्यातून बाहेर पडला होता.

आपल्याकडे हे बियाण्यात दिसतं. एका पाड्यावरच्या आजी कणगीत राख मिसळून गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भाताचं बी ठेवायच्या. मुलाने जास्त उताऱ्यासाठी संकरित आणलं. पहिल्या वर्षी भात खरंच जास्त झाला, ते मी नाकारत नाही. पण संकरिताचं बी पुन्हा पेरून तसंच पीक येत नाही, दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागते. तिसऱ्या वर्षी लावणीनंतर पावसाने ओढ दिली, पीक गेलं, पिशवीची उधारी राहिली. जुनं बी मागायला आजी शेजारच्या पाड्यावर गेल्या, तर तिथेही कुणी राखलेलं नव्हतं. त्या दिवशी त्या ओटीवर बसून रडल्या. मी शेजारी होते आणि मला काही बोलता आलं नाही.

२००१च्या वाण संरक्षण कायद्यानुसार शेतकरी आपलं बी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-विकू शकतो. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. पण राखायला कणगीत बी तर हवं! अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या तीन गटांनी तसंच सुरू केलंय, सध्या मातीच्या मडक्यांत.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मावशींशी पाच-दहा रुपयांची घासाघीस करू नका. भाद्रपद सरला की नाचणी मिळेल का, असं आत्ताच सांगून ठेवा. गिऱ्हाईक ठरलेलं असेल तर वरकसावर पेरायला धीर येतो. आणि त्यांच्या घरात कुठलं जुनं बी अजून राखलेलं आहे का, एवढं विचारून मला कळवा. त्या आजी अजून शोधतायत.