नोकरी, लोकल आणि घर सांभाळून व्यायामाला वेळ कुठून आणायचा?

तुम्ही लिहिलंय की वय ३९, पहाटे साडेपाचला उठता, बदलापूरहून गाडी पकडता, रात्री आठला घरी पोचता, दोन मुलं शाळेत आहेत. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आलीय, म्हणजे मधुमेहाच्या सीमारेषेवर, डॉक्टरांनी रोज तासभर व्यायाम सांगितलाय आणि तो तास दिवसभरात कुठेच सापडत नाही. सहा वर्षांपूर्वी मी अगदी इथेच होते. राहायला डोंबिवली, ऑफिस नरिमन पॉइंटला, मुलगा सातवीत, आणि रिपोर्टवर ६.३. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा तो 'तास' डोक्यातून काढून टाका. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची शिफारस आठवड्याची आहे. मध्यम व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं किंवा दमवणारा व्यायाम ७५ ते १५० मिनिटं, आणि शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लावणारं काहीतरी. १५० ला सातने भागलं तर दिवसाला बावीस मिनिटंसुद्धा होत नाहीत. पूर्वी असंही म्हणायचे की सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची. २०२० च्या सुधारित शिफारशीत ती अट गेली. जिन्याची तीन मिनिटंही हिशेबात येतात. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

ती दोन वर्षं अशी गेली. आधी जिमची वर्षाची फी भरली आणि मोजून अकरा दिवस गेले. रात्री आठला घरात पाऊल टाकल्यावर पुन्हा बाहेर पडायचं म्हणजे पोळ्या कोण लाटणार, हा प्रश्न रोज दारात उभा. मग ठरवलं, पहाटे साडेचारला उठायचं. तीन आठवडे उठले. झोप पाच तासांवर आली, गाडीत उभ्या उभ्या डोळा लागायला लागला, संध्याकाळी घरी आल्यावर मुलावर कारण नसताना ओरडायला लागले. आणि झोप कमी झाली की इन्सुलिनचं काम बिघडतं, भूकही वाढते. म्हणजे ज्या साखरेसाठी पहाटे उठत होते, तिच्याच विरुद्ध चालले होते. तुम्ही आधीच साडेपाचला उठता. कृपा करून झोपेला हात लावू नका. 'पहाटे लवकर उठा' हा सल्ला आपल्याला खूप जण देतील. पण देणाऱ्याला रात्रीची भांडी घासायची असतात का, ते आधी बघा.

मग एका सोमवारी मी घड्याळ लावलं. सीएसएमटीला गाडीतून उतरल्यापासून ऑफिसच्या दारापर्यंत नक्की किती वेळ लागतो, ते आठवडाभर डायरीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. शेअर टॅक्सीच्या रांगेत दहा-बारा मिनिटं, टॅक्सीत दहा, सिग्नल लागले तर आणखी तीन-चार. सरासरी तेवीस मिनिटं. पुढच्या सोमवारी चालत गेले. अठ्ठावीस मिनिटं लागली. म्हणजे अठ्ठावीस मिनिटांच्या व्यायामासाठी मला खिशातून द्यावी लागली फक्त पाच मिनिटं. तो हिशेब कागदावर बघितला तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं. दोन वर्षं मी जो वेळ शोधत होते, तो मी रोज रांगेत उभी राहून घालवत होते.

ती वाट आता माझ्या पायांना पाठ आहे. भुयारी मार्गातून आझाद मैदानाच्या बाजूला वर यायचं, मैदान ओलांडून फॅशन स्ट्रीट, तिथे दुकानदार अजून प्लास्टिकचे कागद सोडवत असतात, मग क्रॉस मैदान, चर्चगेट, आणि पुढे ओव्हलच्या कडेकडेने मंत्रालय. ओव्हलवर पोरं पॅड बांधत असतात, पलीकडे राजाबाई टॉवर. त्याचं घड्याळ पावणेदहाच्या अलीकडे दिसलं की चाल बरोबर आहे, पुढे दिसलं की पाय उचलायचे. वेग किती असावा, तर सोबतच्या बाईशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. घड्याळ-अ‍ॅप काही लागत नाही. आठवड्याचे पाच दिवस म्हणजे १४० मिनिटं इथेच झाली.

तुमचं ऑफिस कुठे आहे ते लिहिलं नाहीत. अंधेरी-सीप्झसारखं लांब असेल तर अख्खं अंतर चालणं जमणार नाही, तिथे शेअर रिक्षातून एक-दीड किलोमीटर आधी उतरायचं. पण आधी आठवडाभर घड्याळ लावून बघाच. रांग, वाट बघणं, पुलावरची गर्दी, यात किती मिनिटं जातात ते लिहिल्याशिवाय कळत नाही.

चालण्याने खरंच काही होतं का, ही शंका मलाही होती. त्याबाबतीत मला सगळ्यात पटलेली गोष्ट लंडनच्या बसवाल्यांची आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. एकाच बसमध्ये दोघं. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटं फाडत जिना वर-खाली करणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. त्यांच्यापैकी कोणी व्यायाम म्हणून काही करत नव्हतं, नोकरी करत होते. आपल्या बेस्टच्या दुमजली बसमधले कंडक्टर आठवले मला ते वाचताना. आणि साखरेचं म्हणाल तर अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, २००२ साली निकाल आले त्याचे, सीमारेषेवरच्या लोकांनी आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि वजनात सुमारे ७ टक्के घट एवढं लक्ष्य ठेवलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईच्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या लोकांवर तसाच अभ्यास केला, तिथे घट २८ टक्क्यांच्या आसपास होती. कमी आहे, पण आपण भारतीय कमी वजनातही मधुमेहाकडे झुकतो, त्यामुळे मला तो आकडाही मोलाचा वाटतो. ६.१ हा परत फिरता येण्यासारखा आकडा आहे, एवढं त्यातून मनात ठेवा.

आता दुसरा भाग, आणि तो जास्त अवघड आहे.

चालणं जमलं तरी ताकदीचा व्यायाम राहत होता. त्याला घरातला वेळ हवा, आणि घरातला माझा सगळा वेळ कामांनी भरलेला. बऱ्याच महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे वेळ नाही असं नाही, माझ्या वाट्याला कामं जास्त आहेत. हे दोन्ही वेगळं आहे. पहिल्यावर उपाय नियोजनाचा, दुसऱ्यावर उपाय वाटणीचा. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी रिपोर्ट टेबलावर ठेवला. नवऱ्याला आणि मुलाला सांगितलं, माझ्या आईचा पाय मधुमेहात गेला, मला त्या वाटेने जायचं नाहीये, आणि यासाठी मला आठवड्यातून तीन संध्याकाळी वीस मिनिटं लागणार आहेत. भांडण नव्हतं, रडारड नव्हती. नुसतं 'मदत करत जा' म्हटलं असतं तर चार दिवसांत विरलं असतं, म्हणून कामं नावानिशी वाटली. मंगळवार, गुरुवार, शनिवार रात्रीची कणीक आणि पोळ्या नवऱ्याकडे. भाजी निवडणं-चिरणं आणि डबे धुणं मुलाकडे. सासूबाई आधी गप्प होत्या. दोन दिवसांनी स्वतःहून म्हणाल्या, लसूण मी सोलून ठेवत जाईन, तू तुझं कर.

पहिल्या मंगळवारचा प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. पलंग आणि कपाटाच्या मध्ये चटई अंथरली होती, जेमतेम एका माणसाची जागा. स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज येत होता, लाटणं सारखं अडखळत होतं. पीठ कोरडं झालंय हे मला त्या आवाजावरूनच कळत होतं. उठून जावं असं इतक्यांदा वाटलं. नाही गेले. सहा सूर्यनमस्कार घातले, सातव्याला हात थरथरले, थांबले. त्या रात्री पोळ्या जाड आणि कडक होत्या, सगळ्यांनी आमटीत कुस्करून खाल्ल्या. महिन्याभरात त्या मऊ व्हायला लागल्या, आणि माझे नमस्कार बारावर गेले. तुम्हाला एकच कळकळीने सांगते, त्या पहिल्या महिन्यात चटईवरून उठून जाऊ नका. एकदा उठलात की ते काम पुन्हा तुमचं.

सूर्यनमस्कार मी निवडले कारण शाळेत शिकलेले होते आणि जागा, सामान, पैसे काही लागत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात ते आपल्याकडे घरोघरी पोचवण्यासाठी जिवाचं रान केलं, स्वतः रोज घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमध्ये सुरू केले. सावकाश, श्वास सांभाळून बारा घातले तर सहा-सात मिनिटं लागतात. त्यानंतर खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, पंधरा वेळा, दोनदा. ओट्याला हात टेकून तिरके दंड, बारा, दोनदा. पाच-पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या दोन हातांत घेऊन घरात फेऱ्या. एवढंच आहे माझं सगळं. वीस मिनिटांच्या आत होतं. गुडघे कुरकुरत असतील किंवा रक्तदाब असेल तर नमस्कारांत पुढे वाकणं आणि दंड घालणं याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, तोपर्यंत खुर्चीचे उठबस पुरेत. माझ्या मैत्रिणीला गुडघ्यामुळे नमस्कार चालत नाहीत, ती फक्त खुर्ची आणि ओटा करते, तिलाही फरक पडलाय.

तिसरं, अगदी छोटं. रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं खाली फेरी. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर तिथल्या तिथे वापरतात आणि ती एकदम उसळत नाही. मी मुलाला बरोबर नेते. घरात एका शब्दात उत्तर देणारा मुलगा चालताना बोलतो. दहावीच्या वर्षात त्याला काय छळत होतं ते मला याच फेऱ्यांत कळलं. ही फेरी आता मी साखरेसाठी घालते की त्याच्यासाठी, ते सांगता येणार नाही.

काही बारकावे राहिले. चालायचे बूट ऑफिसच्या खणात ठेवू नका, घरूनच घालून निघा आणि चपला खणात ठेवा, नाहीतर सकाळचं चालणं बुडतं. पर्स एका खांद्याला लावून अडीच किलोमीटर चाललात तर मान धरते, पाठीवरची सॅक घ्या. पावसाळ्यात माझं चालणं निम्म्यावर येतं. जून ते सप्टेंबर मी ऑफिसच्या जिन्यावर भर देते, दुपारी डबा खाल्ल्यावर पाच मजले चढायचे, लिफ्टने खाली यायचं, असं दोनदा. मार्चअखेरीला कामाचा डोंगर असतो तेव्हा चटई गुंडाळून ठेवते आणि फक्त चालते. पूर्वी अशा वेळी सगळंच सुटायचं आणि पुन्हा सुरू करायला दिवाळी यायची. आता चालणं सुटत नाही, कारण ऑफिसला तर जायचंच असतं.

माझं एचबीएवनसी पहिल्या वर्षात ६.३ वरून ५.९ झालं, आता ५.७ च्या आसपास असतं. वजन चारच किलो उतरलं. त्यात रात्रीचा भात कमी केल्याचाही वाटा आहे. तीन महिन्यांच्या आत रिपोर्ट पुन्हा काढू नका, कारण ती तपासणी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. मी सहा आठवड्यांनीच काढली होती आणि आकडा हलला नाही म्हणून उगाच खचले होते.

तुमचं ऑफिस कुठल्या भागात आहे आणि कोणत्या स्टेशनला उतरता, तेवढं खाली लिहा. दादरच्या दक्षिणेला असेल तर चालायची चांगली वाट मी नक्की सुचवेन. माझ्या डब्यातल्या बायकांमध्ये जवळजवळ प्रत्येक ऑफिसच्या बाजूला जाणारी कोणी ना कोणी आहे, त्यांनाही विचारते.