दोन हिवाळे पिस्टवर स्कीइंग शिकल्यावर गाइडबरोबर शामोनी ते झरमॅट जमेल का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात असताना बरीच वर्षं सह्याद्री पालथा घातलात, आता स्टुटगार्टला आहात, दोन हिवाळे स्कीइंग शिकलात आणि पिस्टवरचे (आखून तयार केलेल्या स्की-मार्गांवरचे) लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतार आरामात उतरता. येत्या एप्रिलमध्ये गाइडबरोबर सहा दिवसांची ‘ओत रूत’, म्हणजे शामोनीहून झरमॅटला रोज नव्या हटमध्ये (डोंगरातल्या निवाऱ्यात) मुक्काम करत जाणारी उंचावरची वाट, बुक करायचा विचार आहे. दम पुरेल का, हा तुमचा मुख्य प्रश्न. शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय, हा दुसरा.

दम पुरेल. उतरणं पुरणार नाही. म्हणून या एप्रिलमध्ये नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी मात्र नक्की जा.

मी मूळची नाशिकची, गेली बारा वर्षं बर्नमध्ये राहते. या वाटेला दोनदा गेले. पहिल्यांदा वाटेतल्या आरोला गावापर्यंतच पोचले, दोन वर्षांनी झरमॅट गाठलं.

चढाईची काळजी तुम्ही करू नका. स्कीच्या तळाला स्किन चिकटवतात. पूर्वी ती खरोखर सीलच्या कातड्याची असायची, आता मोहेर (अंगोरा बकरीची लोकर) किंवा नायलॉनची असते. तिची लव एकाच दिशेला बसलेली, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. बुटाचं पुढचं टोक बाइंडिंगच्या (बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीच्या) दोन पिनांमध्ये अडकलेलं, टाच मोकळी. पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. ही लय सापडायला एक दिवस लागतो. गाइड तासाला साधारण 300 ते 400 मीटर उंची चढवतो, तोही एकसारख्या संथ चालीने. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाचा दम इथे कमी पडत नाही. तीव्र उतारावर नागमोडी चढताना उभ्या जागी स्की उचलून दिशा बदलावी लागते, त्याला किक टर्न म्हणतात. तो मात्र घोटून घोटून शिकावा लागतो, कारण कडक बर्फावर तिथेच माणसं घसरतात.

आता उतरण्याबद्दल. पिस्टवरचा बर्फ रात्रीतून मशीनने दाबून सारखा केलेला असतो. तुम्ही दोन हिवाळे त्या बर्फावर शिकलात. हटांच्या वाटेवर तसा बर्फ जवळजवळ भेटत नाही. पहाटे तो आदल्या दिवशीच्या खुणांसकट दगडासारखा गोठलेला असतो. ऊन लागलं की वरचा थर मऊ होतो, आणि तो तासभर स्वर्ग असतो. त्यानंतर गुडघ्यापर्यंत पाय रुतायला लागतात. सर्वांत वाईट म्हणजे वाऱ्याने बनवलेला पापुद्रा. वरून टणक दिसतो, वळण घेताना फुटतो आणि स्की आत अडकते. हे सगळं पाच तास चढून आल्यावर, पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन करायचं. हिमनदीवर तर गाइड सांगेल त्याच पट्ट्यातून उतरायचं आणि तो थांबला की त्याच्या वरच्या बाजूला थांबायचं. खाली भेगा असतात आणि त्यांच्यावर बर्फाचे पातळ पूल असतात. ‘जमेल तिथे थांबते’ असं तिथे चालत नाही.

शिवाय तुम्ही एकटे नसता. एका गाइडमागे चार ते सहा जण असतात. एक जण दहा वेळा पडला आणि दर वेळी उठून, स्की लावून, सॅक सारखी करायला पाच मिनिटं गेली, तर पन्नास मिनिटं गेली. दुपारच्या आत ज्या उताराखालून निघून जायचं असतं, तो उतार तोवर उन्हाने सैल झालेला असतो. प्राफ्लरी हटहून दिक्स हटला जाताना एका धरणाच्या जलाशयाच्या कडेने लांबलचक आडवं जावं लागतं. ग्रांद दिक्सांस नावाचं हे धरण 285 मीटर उंच आहे. आपल्या कोयनेची भिंत 103 मीटर, यावरून कल्पना येईल. त्या वाटेवर पाय गळून जातात, कारण तासभर एकच पाय खालच्या बाजूला राहतो, आणि डोक्यावर मोठे उतार तापत असतात. आमची गाइड तिथे कुणाला फोटोलाही थांबू देत नव्हती.

पहिल्या खेपेला आम्ही पाच जण आणि ही गाइड. चौथ्या रात्री दिक्स हटमध्ये होतो. दुसऱ्या दिवशी पीन्य दारोला हे सुमारे 3790 मीटरचं शिखर ओलांडून विन्येत हटला जायचं होतं. तिथून शेवटचा लांब दिवस, तीन खिंडी, आणि मग मॅटरहॉर्नच्या उत्तर बाजूखालून झरमॅट. संध्याकाळी जेवणानंतर गाइडने सांगितलं की शिखर रद्द, उद्या सकाळी आरोलाला उतरायचं आणि बसने घरी. दुपारनंतर दक्षिणेकडून हवा बिघडणार होती. आमच्यातल्या एकाने तासभर वाद घातला. दोन वर्षं त्याने या सहलीसाठी पैसे आणि रजा साठवली होती. खरं तर मीही मनातून त्याच्याच बाजूची होते.

सकाळी आकाश निळं स्वच्छ. पा द शेव्र या खिंडीखालच्या कड्यावर लोखंडी शिड्या आहेत, अगदी कळसूबाईला आहेत तशा. स्की पाठीला बांधून त्या चढताना माझ्या मनात राग होता. हवा बिघडली ती दुपारी तीनच्या सुमाराला. हिशोब केला तर आम्ही एक-दीडपर्यंत विन्येतला पोचलो असतो. बहुधा काही झालं नसतं.

तरी आज मला तो निर्णय बरोबर वाटतो, आणि तुम्हाला सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. 2018च्या एप्रिलअखेरीस याच टप्प्यावर, दिक्सहून विन्येतला जाताना, एक गट वादळात सापडला. पांढऱ्या अंधारात वाट सापडेना, रात्र उघड्यावर काढावी लागली. सात जण गेले, त्यांत त्यांचा गाइडही होता. हट तिथून काहीशे मीटरवर होती. आमच्या गाइडने हे आम्हाला सांगून घाबरवलं नाही, मी ते नंतर वाचलं. तिने त्या रात्री एवढंच पाहिलं होतं की आमच्यातले दोघे आदल्या दिवशी उतरताना थकून वारंवार पडत होते. त्या दोघांतली एक मी. आमच्या वेगाने दीड वाजता पोचण्याचा हिशोब कागदावरचा होता. हवा तीनऐवजी बारालाच बिघडली असती, तर आमच्याकडे काढायला जास्तीचा वेळच नव्हता. म्हणजे शिखर हवेमुळे रद्द झालं हे खरं, पण आमच्या कच्च्या स्कीइंगने गाइडच्या हातातले पर्याय आधीच कमी केले होते.

गाइड घेतला की सुरक्षितता विकत मिळाली, असं खूप जण धरून चालतात. गाइड वाट, बर्फ आणि हवा बघतो. तुमच्या वाट्याचं उतरणं तो करू शकत नाही. हिमस्खलनाचंही तसंच. दावोसच्या हिम-संशोधन संस्थेचा अंदाज रोज संध्याकाळी पाचला येतो, धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. तिसरी पायरी ऐकायला मधली वाटते, पण स्वित्झर्लंडमधले साधारण निम्मे मृत्यू त्याच पायरीच्या दिवशी होतात. प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायला रेडिओ संकेत देणारं-घेणारं यंत्र), सॅकमध्ये फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) असतो, कारण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढावं लागतं. गाइडच गाडला गेला तर शोधायचं कुणी? तुम्ही. म्हणून हा सराव सहलीच्या पहिल्या सकाळी अर्धा तास करून भागत नाही. आधी एखादा पूर्ण दिवस द्या.

स्वतःला तपासायची माझी पद्धत सांगते. सॅक घेऊन 1000 मीटर तीन तासांत चढा. मग लगेच, पिस्ट सोडून, मिळेल त्या बर्फावरून खाली या. न पडता आलात का? देखणं उतरायची गरज नाही. स्की आडव्या घासत आलात तरी चालेल, प्रत्येक वळण हुकमी हवं. हे लागोपाठ दोन दिवस जमलं की बुकिंग करा.

तोवर काय? तुम्ही जर्मनीत आहात, तर डीएव्ही या आल्पाइन क्लबचे सभासद व्हा. त्यात पहाडातल्या बचावकार्याचा विमा येतो, स्विस क्लबच्या हटमध्येही सवलत मिळते, आणि त्यांच्या शाखा स्की टूरिंगचे कोर्स घेतात. या हिवाळ्यात एक कोर्स, मग मार्चमध्ये सिल्व्रेटामध्ये चार दिवस, गाइडबरोबरच. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंड सीमेवरचे हे डोंगर सुरुवातीसाठी मला फार योग्य वाटतात. गाल्ट्यूरहून जामटाल हट गाठायची. ती तर तुमच्याच स्टुटगार्टच्या श्वाबेन शाखेची आहे. तिथून वीसबाडेनर हट, आणि हवा चांगली असेल तर 3312 मीटरचं पित्स बुइन. शेवटचा टप्पा स्की खाली खिंडीत ठेवून खडकावरून पायी चढायचा, तो तुम्हाला घरच्यासारखा वाटेल. हिमनद्या आहेत, दोर आहे, खरा बर्फ आहे. पण हवा बिघडली तर दरीत उतरून जायला सहसा सोपी वाट असते, आणि एकाच हटमध्ये दोन-तीन रात्री राहून हलक्या सॅकने आसपास फिरता येतं.

जेवणाचं अजिबात टेन्शन घेऊ नका. बुकिंग करतानाच शाकाहारी असल्याचं कळवा आणि हटवर पोचल्यावर पुन्हा सांगा. सूप, पास्ता किंवा भात, सॅलड, शेवटी गोड, असं पोटभर मिळतं. अंडं आणि चीज चालत नसेल तर तेही आधीच स्पष्ट करा, कारण सगळं सामान हेलिकॉप्टरने येतं आणि ऐन वेळी दुसरं काही करणं त्यांना शक्य नसतं. पाणीही त्यामुळेच महाग. नळाला पिण्याचं पाणी नसतं, दीड लिटरच्या बाटलीला दहा फ्रँकच्या वर पडतात. रात्रीच थर्मास भरून घ्या. वाटेत खायला मी शेंगदाण्याची चिक्की आणि डिंकाचे लाडू नेते. थंडीत एनर्जी बार दातांना फुटत नाही, लाडू फुटतो. हटमध्ये बूट बाहेर काढून त्यांच्या चपला घालायच्या, झोपायला स्वतःची पातळ लायनर बॅग न्यायची, आणि ओल्या स्किन वाळत टाकायच्या. सकाळी गोंदाला बर्फ लागू देऊ नका, नाहीतर चढावर मध्येच स्किन सुटते. दुसऱ्या खेपेला वालपेलीन खिंडीकडे चढताना आमच्यातल्या एकाची सुटली, तेव्हा गाइडने ती आपल्या जॅकेटच्या आत पोटाशी धरून ऊब दिली आणि मग पुन्हा चिकटवली.

त्या दिवशी दुपारी झरमॅटमध्ये पोचलो. गावाची उंची 1600 मीटरच्या थोडी वर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याएवढीच. खिंडीपासून तिथपर्यंत जवळजवळ 2000 मीटर उतार होता आणि मी एकदाच पडले.

स्की भाड्याने घ्या, पण बूट स्वतःचे घ्या, आणि तेही आत्ताच, हिवाळ्याच्या आधी. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. बूट घालून अर्धा तास दुकानातच चाला. टाचेला जराही घासलं तर तो जोड सोडून द्या.