बांगूसच्या तुकड्या पाडू नका हो!

तुम्ही लिहिलंय की मनिलात येऊन पहिल्यांदाच बांगूसचं (इथला मासा, इंग्रजीत मिल्कफिश) कालवण केलं आणि पोरं काट्यांना वैतागून ताटावरून उठली, ते वाचून हसू पण आलं आणि अंगावर काटा पण, कारण हाच घोळ मी घातलाय. वाटण वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

मी कोळणीकडून सुरमईसारख्या आडव्या तुकड्या पाडून घेतल्या. तिथेच फसलो. बांगूसच्या मांसात दोनशेच्या आसपास बारीक काटे असतात, टोकाला फाटे फुटलेले, आडवा सुरा चालला की एकाचे दोन होतात. सासरे आले होते, त्यांच्या घशात एक रुतला. मग एक क्लिनिक (नाव नाही लिहीत), इन्शुरन्सचं कार्ड या काउंटरला, फॉर्म त्या काउंटरला, परत पहिल्याला, तीन तास म्हातारा माणूस थुंकी गिळता येत नाही म्हणून रुमाल धरून बसलेला, आणि डॉक्टरने चिमट्याने काढला अर्ध्या मिनिटात. अजून डोकं फिरतं.

तर बांगूस 'बोनलेस'च घ्या. दागुपानचा (फिलिपिन्समधलं बांगूससाठी नावाजलेलं शहर) मिळाला तर उत्तम, चिमट्याने काटे उपटून पाठीतून उघडलेला असतो. व्हिनेगर, लसूण, मिरीत रात्रभर ठेवून तळा, पोटाकडची चरबी तर लोण्यासारखी. कालवणात घालूच नका, माझं मत. कालवणाला तानिगे घ्या, ती आपली सुरमईच. माया-माया म्हणजे तांबोशी. रोजच्याला गालुंगगाँग (बांगड्यासारखा दिसणारा छोटा मासा). लापू-लापू (१५२१ मध्ये मॅगेलनशी लढलेल्या सरदाराचं नाव, मासा हेकरूच्या जातीतला) भारी, पण महाग, पाहुण्यांपुरता ठीक.

ताहोंग, म्हणजे हिरव्या शिंपल्या, घेण्याआधी मात्र रेड टाइडची (समुद्रात विषारी सूक्ष्म शेवाळ वाढतं, त्याचं विष शिंपल्यांत उतरतं) सरकारी सूचना बघाच. मी काही डॉक्टर नाही, पण ते विष शिजवून जात नाही एवढं नक्की. सूचना असलेल्या भागातला आलामांग (बारीक जवळा) पण टाळायचा. मासे, कोळंबी, खेकडे चालतात, ताजे हवेत, आतली घाण काढून नीट धुवायचे.

कोकम संपलं की कामियास बघा, आपली बिंबलंच ती. सिनिगांगमध्ये (इथलं आंबट सार) घालतात, कालवणात पण मस्त लागतात, फक्त आधी एकच टाकून चव बघा, मी पहिल्यांदा सहा टाकली होती.