माणसं खाणारा मासा वाचवायचा कशाला?

प्रश्न : मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी ‘शार्क वाचवा’ हा विषय घेतलाय. माणसांचे लचके तोडणाऱ्या प्राण्याचा एवढा पुळका कशासाठी?
– एक पालक

उत्तर : भीती समजते, पण हिशेब उलटा आहे. जगभरात शार्कच्या हल्ल्यात मरणारी माणसं बहुतेक वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माणसांनी मारलेल्या शार्कचा २०१३ मधला अंदाज मात्र वर्षाला सुमारे १० कोटी! कित्येक तर दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत सापडतात. काहींचे नुसते पर कापून जिवंत धड पाण्यात फेकतात. पोहता न येणारा तो जीव बुडत बुडत मरतो. लचके कोण तोडतंय, तुम्हीच ठरवा.

खरी मेख त्यांच्या संथ वाढीत आहे. काटेरी डॉगफिश या छोट्या शार्कची मादी जवळजवळ दोन वर्षं गाभण राहते. एवढ्या सावकाश पैदाशीला आपल्या मासेमारी जहाजांचा वेग कसा झेपणार? खुल्या समुद्रातल्या शार्क आणि रे (शार्कचे चपटे नातेवाईक) माशांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ च्या एका अभ्यासात आढळलं.

मुलाला तक्ता नुसत्या दातांनी भरू देऊ नका. (सगळे तेच करतात.) हातोडी शार्कच्या चपट्या डोक्याखालची बारीक छिद्रं काढू द्या, वाळूत दडलेल्या माशाच्या अंगातली क्षीण वीज त्यांतून कळते. आणि घरातल्या क्रीमवर ‘स्क्वालेन’ हे तेल लिहिलेलं असेल, तर ते वनस्पतीचं की शार्कच्या यकृताचं, हे कंपनीला पत्र लिहून विचारायला सांगा.