आधी लॅपटॉप परत द्या

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, मार्क चांगले आहेत, पण दिवसभर सोलर पॅनेलचं सिम्युलेशन करत बसते, म्हणून स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरेपर्यंत तुम्ही तिचा लॅपटॉप कपाटात कुलूप लावून ठेवलाय आणि आता 'तुम्हीच तिला समजवा' म्हणताय. मला मार्कांची नाही, त्या कुलपाची काळजी वाटते. एवढ्या मोठ्या पत्रात तिला स्वतःला काय करायचंय हे एकदाही आलेलं नाही. असं अडवून धरलं की पोरं फॉर्म भरतात हो, पण त्यानंतर घरी काही सांगायचं बंद करतात, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय.

परीक्षा तिला द्यायची असेल तर देईल, त्यासाठी हे सिम्युलेशन सोडायची गरज नाही.

आता तुमचा तो मुद्दा, की पॅनेलवर ४०० वॅट छापलंय आणि हिचा प्रोग्राम भर दुपारचे ३४४ दाखवतो म्हणजे हिला काही येत नाही. अहो, तिचंच बरोबर आहे! ते ४०० टेस्टिंगमधले, दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि पॅनेलमधल्या सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले. कडक उन्हात सेल ६५ अंशांपर्यंत तापतो आणि सिलिकॉनच्या पॅनेलची पॉवर दर अंशाला साधारण ०.३५ टक्क्याने पडते, नेमका आकडा डेटाशीटवर असतो. ४० अंश जास्त म्हणजे १४ टक्के गेले, उरले ३४४, कागदावर करून बघा. यात अजून सावली, धूळ, वायरिंगचा लॉस, इन्व्हर्टर हे सगळं धरून वर्षाला किती युनिट मिळतील ते काढायचं असतं, आणि मोठ्या प्रकल्पाला कर्ज देणारी बँक हाच अंदाज मागते, त्यातही पी९० म्हणजे दहापैकी नऊ वर्षं तरी एवढी वीज मिळेल असा आकडा. हे काम जबाबदारीचं आहे आणि त्याचे पगार मिळतात.

तिला माझा एक निरोप द्या. पीव्हीसिस्ट या सोलरच्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट काढता येणं पुरेसं नाही बाळा. सॅम हे तसलंच सॉफ्टवेअर आणि पीव्हीलिब ही पायथन भाषेतली लायब्ररी, दोन्ही फुकट आहेत, कोडही उघडा आहे, आतलं मॉडेल वाच. मग एक खरं पॅनेल मिळव, पाठीमागे तापमानाचा सेन्सर चिकटव (सेल त्याहून दोन-तीन अंश गरम असतो हे धरून), महिनाभर रीडिंग घे आणि आपल्या ग्राफशेजारी ठेव, जिथे जुळत नाही तिथे का जुळत नाही ते लिहून काढ. मुलाखतीत मी असतो तर फक्त त्याबद्दलच विचारलं असतं.

लॅपटॉप आजच परत द्या, शेजारी बसा आणि ते ३४४ कसे आले हे तिच्याकडूनच समजून घ्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू दे.